हात धरणारा नळ

आजवर कोणाला सांगितलं नाही ते सांगतो. आमचे शेजारी बाबीकाका मयेकर ज्या नळाशी बोलायचे, त्या नळातून त्यांना उत्तर देणारा मी होतो.

काका अंगणातल्या नळाशी बोलतात हे आळीत सगळ्यांना ठाऊक आहे. आमच्याकडे दिवसाआड दुपारी चारला पाणी येतं. साडेतीनलाच काका लांब दांड्याचा स्क्रूड्रायव्हर घेऊन नळापाशी पाट टाकून बसायचे. टोक पाइपवर, मूठ कानामागच्या हाडाला. बत्तीस वर्षं जहाजाच्या इंजिनरूममध्ये काढलेला माणूस. तिथे यंत्राचं दुखणं असंच ऐकायचे म्हणे. डोळे मिटून जाहीर करायचं, "देवळापाशी आलं. चढाला लागलं. दम नाय आज."

दम म्हणजे पाण्याचा जोर. त्याची मापंही काकांची स्वतःची: करंगळीएवढी धार, अंगठ्याएवढी, मनगटाएवढी. मनगटाएवढी आळीत कोणी पाहिली नव्हती, पण माप तयार होतं. पाणी सोडणारा माणूस रस्त्यात भेटला की आधी त्याच्या तब्येतीची चौकशी, मग त्याच्या व्हॉल्व्हच्या. समुद्राचं खारं पाणी गोडं करून सबंध जहाजाला पाजलं आणि घरी येऊन बघतो तर करंगळी, असं ते येईल त्याला ऐकवत. आतून सुलूकाकी म्हणायच्या, "मग येताना समुद्र घेऊन यायचा होता."

आमची दोन घरं चढाच्या टोकाला, लाइनीची शेवटची. मधे कमरेएवढा चिऱ्यांचा गडगा. माझी दोन पोरं शाळेतली, घरात पाण्याची सतत ओरड. मी पंप आणला आणि थेट नळाच्या लाइनीला जोडला. असा पंप लावायला परवानगी नसते, हे मला चांगलं माहीत होतं. म्हणून तो मोरीत ठेवला, वर गोधडी घातली. तरी आवाज यायचाच. मग पंप चालू केला की माझी बायको वैजू मिक्सर लावायची. दोन वर्षं आमच्या घरातली चटणी कधी संपली नाही.

माझी टाकी भरायची आणि काकांची करंगळी आटायची. मग सुलूकाकी कळशी घेऊन पाखाडीच्या पायऱ्या उतरायच्या, खालच्या विहिरीवर. काकांचे गुडघे गेलेले, म्हणून खेपा सगळ्या काकींच्या. सुट्टीच्या दिवशी मी खिडकीतून बघायचो. मे महिन्यात एका दुपारी नऊ खेपा झाल्या. पंप मी बंद केला नाही.

त्या पावसाळ्यात काकी गेल्या. डॉक्टर म्हणाले, हृदय. विहिरीचं नाव कोणी काढलं नाही. मीही नाही.

त्यानंतर काकांनी नळ बंद करणं सोडलं. स्क्रूड्रायव्हर बाजूला पडला. चार वाजता तोटी उघडी टाकून समोर पाटावर बसायचे आणि हळूच विचारायचे, "आलीस?" थोड्या वेळाने नळ श्वास घ्यायचा. थेंब नाही, धार नाही. लांब, ओला, आत ओढलेला श्वास. दमलेली बाई उंबऱ्यावर कळशी टेकवते तेव्हा घेते तसा. काका मग दिवसभराचं सांगायचे. भात करपला. मांजर व्यायली. पेन्शनच्या कागदावर सही जुळली नाही. मधे थांबायचे, आणि नळ पुन्हा श्वास घ्यायचा. आळीतल्या बायका त्या वेळी मयेकरांच्या दारावरून जाईनाशा झाल्या.

एकदा मी ऑफिसातून लवकर आलो. काकांनी गडग्यावरून हाक मारली, "सत्या, इकडे ये. हात लाव हितं."

मी तोटीखाली तळवा धरला. नळाने तो धरला. गार तोंडाने आत ओढला आणि सोडला नाही.

कारण मला ठाऊक होतं. माझा पंप ओढत होता, लाइनीत पाणी पुरेसं नव्हतं, म्हणून तो या उघड्या तोटीतून हवा ओढत होता. त्यात न कळण्यासारखं काही नव्हतं. तरी अंगावर काटा आला. आजारी माणसाच्या उशाशी बसलं की तो हात धरतो, तशी ती पकड होती.

"अशीच धरायची," काका म्हणाले. गडग्यापलीकडे आमचा मिक्सर घरघरत होता. "वैजू चटणी वाटते वाटतं."

महिन्याभरात मी अंगणात जमिनीखाली टाकी बांधून घेतली. नळाचं पाणी आपसूक तिच्यात पडणार, पंप तिच्यातून वर चढवणार. लाइनीला हात नाही. जुना जोड प्लंबरने व्हॉल्व्ह लावून बंद केला. पुढच्या पाण्याला काकांच्या नळाला मनगटाएवढी धार आली. आळी बघायला जमली. हंडे भरून वाहू लागले. काका पाटावर बसून होते, पाय भिजत होते. त्यांनी एकदाच विचारलं, "आलीस?" पाणी नुसतं पडत राहिलं.

चार दिवसांनी ते गडग्यापाशी येऊन उभे राहिले.

"पंप बिघडला काय रे तुझा?"

मी मोरीकडे बघितलं.

"बत्तीस वर्षं पंपांबरोबर झोपलो मी. गोधडी घातलीस म्हणून मला कळायचा नाय काय? तुझ्या मोरीत तो बसला त्याच दिवशी कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

"ती बोलू देईना. बोलायची, त्यांची पोरं लहान आहेत, आपण दोघंच. विहीर काय लांब नाय." काका गडग्यावरचं शेवाळ नखाने काढत राहिले. "नळात ती नाय, हे पण मला कळतं. तरी तू हंडे भरून झाल्यावर पंप लाव. पाणी जाता जाता, पाच मिनिटं."

आता दिवसाआड, ऑफिसातून येऊन पाणी जायच्या वेळी, मी जुना व्हॉल्व्ह उघडतो आणि पंप लावतो. गोधडी काढून टाकली आहे. मिक्सर लागत नाही. गडग्यापलीकडे काका माझ्याकडे पाठ करून, तोटीखाली तळवा धरून उभे असतात. श्वास इथवर ऐकू येतो. मग काका म्हणतात, "बस," आणि मी बटण बंद करतो.

त्या नऊ खेपांबद्दल मी त्यांची माफी अजून मागितलेली नाही. ती मागायची राहिली आहे.