ओतारींच्या कोपरावरची सूज

दिनकर ओतारींच्या डाव्या कोपरावर जी सूज आली होती, तिनं मंगळवारी सकाळी चहाच्या वेळी वेगळा डॉक्टर मागितला.

मागणी रीतसर होती. आवाज चढलेला नव्हता, भाषाही सभ्य होती. "ओतारीसाहेब," सूज म्हणाली, "तुमच्या उपचारांबद्दल माझी तक्रार आहे. मला शिकलेल्या डॉक्टरकडं न्यावं, ही विनंती."

ओतारींनी बशीतला चहा संपवला. विट्याच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर म्हणून उभी हयात काढलेला माणूस. तक्रार आली की ती आधी खालच्याकडं ढकलायची, हे त्यांच्या अंगवळणी पडलेलं. पण कोपराच्या खाली नुसतं मनगट होतं.

"बघू," ते म्हणाले.

"बघू काय? बरोबर बोलतेय ती," त्यांची बायको कुमुद स्वयंपाकघरातून म्हणाली.

आता ओतारींची बाजूही सांगायला पाहिजे, नाहीतर म्हणाल, सांगणारा पहिल्यापासूनच सुजेला फितूर. कॉलनीत कुणाला काहीही चावलं, की माणूस थेट ओतारींच्या दारात. डास असो, मुंगळा असो, मधमाशी असो, ओतारी भेदभाव करत नसत. आधी कपाटाची लोखंडी किल्ली खसाखसा चोळायची, मग पानाच्या डब्यातला चुना, त्यावर कांदा. दोन-तीन दिवसांत उतार पडायचा आणि लोक म्हणायचे, ओतारींच्या हाताला गुण आहे. असं चारचौघांत म्हटल्यावर कुणाचं डोकं ठिकाणावर राहतं हो? तुमचं-आमचंही राहिलं नसतं.

त्यामुळं गांधीलमाशी खुद्द ओतारींनाच चावली, तेव्हा त्यांना मनातून बरंच वाटलं. घरचा रोगी म्हणून हयगय व्हायला नको, यासाठी त्यांनी किल्ली इतकी चोळली की सालटं निघाली. त्या सालटलेल्या जागी चुना थापला. तो पोळायला लागला तेव्हा विष ओढतोय असं समजून आणखी थापला, आणि वर फडकं करकचून बांधलं.

"माशीनं केलं ते मी समजू शकते," सूज म्हणाली. "तिचा स्वभावच आहे तो. तुमचं काय?"

"माझ्या औषधानं उतार पडतो. कॉलनीत कुणालाही विचारा."

"साहेब, साधी सूज तशीही दोन-तीन दिवसांत जाते. साबणानं धुवायचं, गार पाण्याची पट्टी ठेवायची आणि स्वस्थ बसायचं. मी केव्हाच निघाले असते. तुमचा चुना आडवा आला."

हे ओतारींच्या फार जिव्हारी लागलं. गाड्या आपल्या आपणच सुटत होत्या, तुम्ही नुसते लाउडस्पीकरवर ओरडत होता, असं कुणीतरी तोंडावर म्हटल्यासारखं झालं.

डॉक्टरकडं जायला अडचण वेगळीच होती. गुरुवारी ज्येष्ठ नागरिक संघात ओतारींचं भाषण होतं. विषय, 'दंशावर घरगुती उपाय'. फळ्यावर नावही लागलं होतं. त्याआधी कुणी त्यांना दवाखान्याच्या बाकावर बसलेलं पाहिलं असतं, तर कॉलनीत तोंड दाखवायला जागा उरली नसती.

"गुरुवारनंतर जाऊ," ते म्हणाले.

"तोवर मी खांद्यापर्यंत पोचले तर जबाबदारी माझी नाही," सूज म्हणाली. "शिवाय त्या सभेत मलाही दोन शब्द बोलायचेत."

ओतारींनी पूर्ण बाह्यांचा शर्ट घातला.

गुरुवारी हॉल भरला होता. ओतारी किल्ली हातात धरून प्रात्यक्षिकाच्या तयारीत उभे होते. "आमच्या आजोबांपासून चालत आलेला हा उपाय," असं त्यांनी म्हणायला आणि बाहीतून आवाज यायला एकच गाठ पडली.

"अध्यक्षमहाराज, माझी हरकत आहे."

अध्यक्ष घोरपडे सर नियमाला पक्के. त्यांनी चष्मा पुसून ओतारींच्या कोपराकडं पाहिलं. "आपण सभासद आहात?"

"नाही, सर."

"वय?"

"आठवडाही झाला नाही."

"मग या सभेत आपल्याला बोलता येणार नाही. साठीच्या आत कुणालाच बोलू देत नाही आम्ही."

सुजेनं माफी मागितली आणि ती गप्प झाली. ओतारींनी हुश्श केलं.

बाहेर व्हरांड्यात कुमुद चहा ओतत होती. तिथल्या वाशाला गांधीलमाश्यांचं पोळं होतं आणि संघ ते काढण्याचा ठराव गेली दोन वर्षं पुढच्या सभेवर टाकत आला होता. कुमुद मान धरून आत आली. तिच्या अंगभर लाल चट्टे उठले होते, ओठ सुजून जाड झाले होते.

"अहो," ती म्हणाली, "माशी चावली. घसा आवळल्यासारखा होतोय हो."

सगळा हॉल ओतारींकडं वळला. "ओतारी, चोळा किल्ली!" "चुना कुठाय?" कुणी तर कांदा फोडूनही पुढं केला. कुमुदनं पदर सारला आणि मान वाकवून उभी राहिली. लग्न झाल्यापासून तिनं नवऱ्याच्या औषधाला कधी नाही म्हटलं नव्हतं. तिचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता.

ओतारींनी बाहीकडं पाहिलं. आतल्या सुजेनं काहीतरी बोलावं, ओरडावं, असं त्यांना फार वाटलं. पण तिला बोलायला मनाई होती आणि ती नियम मोडणाऱ्यातली नव्हती.

"मला काही येत नाही," ओतारी मोठ्यानं म्हणाले. "कधीच येत नव्हतं. आपोआप बरं होणाऱ्यांना मी बरं करत होतो! अरे, रिक्षा बोलवा कुणीतरी, दवाखान्यात न्या हिला!"

डॉक्टरीणबाईंनी पोचल्या पोचल्या इंजेक्शन दिलं, ऑक्सिजन लावला. आणखी उशीर झाला असता तर काही खरं नव्हतं, असंही त्यांनी सांगितलं. कुमुदचा श्वास मोकळा झाला, तसे ओतारी सगळ्यांदेखत हमसून हमसून रडले. मग बाईंनी त्यांची बाही वर करायला लावली आणि दोघांचंही म्हणणं ऐकून घेतलं, आधी सुजेचं. जखम धुऊन पट्टी बांधली, गोळ्या दिल्या आणि दम भरला, की वर घरचं काहीएक लावायचं नाही.

कुमुदच्या मानेवरची सूज दुसऱ्या दिवशी गेली. ती सूज अबोल होती. तिला तक्रारीला जागाच राहिली नव्हती.

कोपरावरची पुढच्या आठवड्यात ओसरली. आवाज अगदी बारीक झाला होता. "निघते वहिनी," ती म्हणाली. कुमुद लगबगीनं हळदकुंकवाचा करंडा घेऊन आली. त्या घरातून सवाष्ण तशीच कधी गेलेली नव्हती. तिनं हळदीची चिमूट उचलली, तोच ओतारींनी हात मागं घेतला.

"काही लावायचं नाही, कुमुद. डॉक्टरांनी सांगितलंय."

"अहो, पण अशी मोकळीच कशी पाठवू?"

"वहिनी, त्यांचं ऐका," सूज म्हणाली. "औषधपाण्यातलं कळतं त्यांना."

इतक्या वर्षांत किती जणांनी त्यांच्या हाताचा गुण वाखाणला होता, पण असं कुणी म्हटलं नव्हतं. कुमुदनं चिमूट करंड्यात परत टाकली, दुरूनच नमस्कार केला, आणि सूज गेली.