फोटोतली गाडी

बाबांची मोटरसायकल बघायला रविवारी अकरा वाजता गिऱ्हाईक येणार होतं, आणि सकाळी सातपासून घरातलं एकेक माणूस पानाला बाजूला घेऊन तिच्या कानाशी लागत होतं.

पाना हे काही तिचं शाळेतलं नाव नव्हे. बाबा घड्याळं दुरुस्त करायचे, आणि सुटीच्या दिवशी इमारतीखाली गाडीसमोर मांडी ठोकून बसायचे. सहा वर्षांची असल्यापासून ती शेजारी बसून मागतील तो पाना हातात द्यायची. ‘पाना दे, पाना दे’ ऐकून ऐकून आईच एकदा तिला “पाना, जेवायला ये” म्हणाली, आणि ते चिकटलंच. आता ती दहावीत होती आणि पाना नुसता देत नव्हती, फिरवतही होती.

दहा वर्षांत त्या गाडीवर कंपनीचं म्हणावं असं फारसं उरलं नव्हतं. हँडलच्या मधोमध बाबांनी पितळी कडेचं घड्याळ बसवलं होतं. घड्याळवाल्याच्या गाडीवरचं घड्याळ, पण खड्डा आला की दोन मिनिटं पुढे उडी मारायचं. दिवसभर दवाखान्यात उभं राहून नर्स असलेल्या आईची पाठ धरायची, म्हणून मागच्या सीटला खुर्चीची जुनी पाठ जोडली होती, वर फोम, त्यावर रेक्झिन. आजोबांना बसताना धरायला त्यांच्याच मोडक्या काठीची मूठ होती. आणि हॉर्नच्या जागी पानाने मे महिन्याच्या सुटीत, एकटीने, कुणाला हात लावू न देता, घराची सेलवर चालणारी जुनी बेल बसवली होती. ती वाजली की रस्त्यालगतच्या घरांतून “कोण आहे?” असं यायचं.

एवढं सगळं कशाला करायचं, असं आईने एकदा विचारलं होतं. बाबा म्हणाले होते, “कंपनीने गाडी केली तेव्हा तिने आपल्याला कुठे बघितलं होतं? मग आता आपणच तिला सांगायला नको का, की बाई, आम्ही असे आहोत?”

अशी गाडी विकायचं कसं ठरलं, हे कुणालाच नीट सांगता आलं नसतं. किक मारून बाबांचा गुडघा दुखतो, तेव्हा बटणाची स्कूटर बरी, असं आईला वाटलं. आईला स्कूटर हवी आहे, असं बाबांना वाटलं. आजोबांना विचारलं तर ते “विका, जुनी झाली” म्हणाले आणि पेपरामागे गेले. पानाला कुणी विचारलंच नाही. ‘अठरा पूर्ण झाली की गाडी तुझी’ हे बाबांचं जुनं वचन होतं. त्याचा विषय बाबांनी काढला नाही आणि अभिमानापायी तिनेही काढला नाही. पण त्या आठवड्यात तिच्या भूमितीच्या वहीत वर्तुळांपेक्षा चाकंच जास्त निघाली.

तर रविवारी सात वाजता आधी आई आली. तेवढी पाठ काढून दे, त्या माणसाची पाठ काय ठणठणीत असेल, आणि बाबांना बोलू नकोस. आठ वाजता बाबा आले. पानाकडे न बघता म्हणाले की घड्याळ तसं दुकानाचंच आहे, गाडीचं नव्हेच, आणि आईला सांगायची काही गरज नाही. मग आजोबा आले. त्यांनी मूठ मागितली, वर “जरा निरोप घेतो गाडीचा” म्हणून पंधरा मिनिटं तिच्यापाशी एकटेच बसले. परत आले ते हात फडक्याला पुसत, चष्मा हातात धरून. रडले असतील, असं वाटून पानाने तिकडे बघायचं टाळलं.

मग तिने आपली बेल काढून घेतली. सगळे एकेक वस्तू नेत असताना तिनेच तेवढं शहाण्यासारखं का वागायचं?

अडचण एवढीच, की दहा वर्षांत सगळं एकमेकांना धरून बसलं होतं. पाठीच्या बोल्टांवरच सीट होती, त्यामुळे ती आता लहान मुलांच्या सी-सॉसारखी वरखाली व्हायला लागली. घड्याळाच्या पट्टीवर हेडलाइट होता, त्याने उत्तर न आलेल्या मुलासारखी मान खाली घातली. पानाने त्याला आपल्या केसांचं रबर लावून वर बघायला लावलं.

बरोबर अकराला गिऱ्हाईक आलं, एक बेकरीवाले काका. भले थोरले, भुवयांत मैदा. त्यांनी गाडीभोवती दोन चकरा मारल्या आणि खिशातून मोबाइल काढला.

“गाडी हीच ना?”

“हीच,” बाबा म्हणाले.

“जाहिरातीतल्या फोटोत घड्याळ आहे.”

सगळ्यांनी वाकून फोटो पाहिला. होतं खरं.

“आणि ही पाठ. अहो, हिच्यासाठी तर मी आलो. पहाटे तीनपासून पीठ मळतो मी, पाठीचा पार भुगा होतो. म्हटलं, मागची पाठ पुढे ओढून घेऊ.”

“पाठ ना,” आई म्हणाली, “ती धुवायला टाकली आहे.”

बाबांनी आईकडे पाहिलं, कारण पाठ गेल्याचं त्यांना आत्ता कळत होतं. आई हँडलवरच्या रिकाम्या जागेकडे बघत होती. आजोबा आकाशाकडे बघत होते.

निदान चालवून तरी बघू, म्हणून काका बसले. सीट मागे कलली, काका पुढे घसरले. त्यांनी किक मारली. काही नाही. अजून दहा मारल्या. मग बाबांनी मारल्या, गुडघ्याचं नावही न काढता, मोजून वीस. विसाव्या किकेला केसांचं रबर तुटलं आणि हेडलाइट खाली लोंबू लागला. दिवा नाही, आवाज नाही, काही नाही.

पानाची नजर बेलच्या रिकाम्या जागेवर गेली. बाबांना चक्रं कळत, विजेतलं काही कळत नसे. गाडीतली वायरिंग सगळी तिच्या हातची, लाइनमन म्हणून निवृत्त झालेल्या आजोबांकडून शिकलेली. आणि बेल काढताना तिने घाईघाईत एक वायर कापली होती. गाडी गेली असती तर निदान कुठेतरी धावली तरी असती. तिने तर मारूनच टाकली होती.

इतक्या किका मारल्यावर चहा तरी घ्या, म्हणून आईने काकांना वर नेलं. ते सोफ्यावर टेकले आणि त्यांचा चेहराच बदलला. “वा. पाठीला काय आराम आहे हो.” त्यांनी सोफ्याच्या कव्हराखाली हात घातला आणि गाडीची पाठ बाहेर काढली. तेवढ्यात आजोबांचा पाय पानाच्या दप्तराला लागला आणि टिंग टाँग झालं. आईने सुटका झाल्यासारखं धावत जाऊन दार उघडलं. बाहेर कुणी नव्हतं. ती परत येऊन बसते तोवर पुन्हा टिंग टाँग. या खेपेला काका दप्तराकडेच बघत होते.

“एक विचारू?” ते म्हणाले. “तुम्हाला गाडी विकायची आहे का नक्की?”

“यांचा गुडघा...” आई म्हणाली.

“हिला स्कूटर...” बाबा म्हणाले.

“मला कुठे हवी आहे स्कूटर?”

“माझा गुडघा जिन्याने दुखतो. किकने कुठे?”

मग हसू दाबायला दोघांनीही एकदम चहाचा कप तोंडाला लावला. बाबांच्या खिशातलं घड्याळ टिकटिक करत होतं.

काकांनी मोठा श्वास सोडला. म्हणाले, सुटलो. त्यांच्याकडेही जुनी गाडी होती, पाव ठेवायला स्वतः चार कप्पे जोडून घेतलेली. ती द्यायची म्हणून आठवडाभर त्यांना झोप नव्हती. तिला अशी एक पाठ कुणी करून दिली, तर दुसरी गाडी हवीच कशाला?

सगळ्यांनी पानाकडे पाहिलं. मनातली मेलेली गाडी बाजूला ठेवून, रांगेत दहा कामं असल्याच्या सुरात ती म्हणाली, “मंगळवारी या, शाळा सुटल्यावर. माप घेते.”

काका गेल्यावर चौघं खाली आले आणि ज्याची त्याची वस्तू जागेवर लागली. सीट बसली, हेडलाइटने मान वर केली. किक मारली तर तरीही काही नाही. पानाने कापलेली वायर पुन्हा जोडून पाहिली, पुन्हा तपासली, आणि शेवटी तिला बोलावंच लागलं.

“बाबा, माझ्या हातून बिघडलंय बहुतेक. बेल काढताना.”

बाबा काही बोलणार तोच आजोबा खाकरले. सकाळपासून हातात धरलेला चष्मा त्यांनी आता नाकावर चढवला, खिशातून चष्म्याची डबी काढली आणि उघडली. आत रुमालाच्या घडीत गाडीचा काचेचा फ्यूज होता.

“तुझं काही बिघडलं नाही, पाना,” ते म्हणाले. “नुसत्या मुठीने माझं भागेना.”

“पण तुम्हीच म्हणालात ना, विका,” बाबा म्हणाले.

“म्हणालो. कुणी ऐकेल असं वाटलं नव्हतं.”

पानाने फ्यूज बसवला. बाबा किक मारायला पुढे झाले, मग थांबले आणि बाजूला सरकले. “तू मार. माझा गुडघा.”

पहिल्याच किकेला गाडी सुरू झाली. खात्री करून घ्यायला पानाने बेल दाबली, चांगली लांबलचक. पहिल्या मजल्यावरच्या खिडकीतून आवाज आला, “कोण आहे?”

“आम्हीच,” आजोबा म्हणाले.