मोजणीचा बुधवार

अगं रोवेना, ती कॉफी ठेव बाजूला आणि नुसती ऐक! हसायचं ते शेवटी हस!

ऑक्टोबरातला तो एक बुधवार जवळ आला की आमच्या शाळेच्या ऑफिसात सगळ्यांची झोप उडते, हे तुला माहीतच आहे. त्या दिवशी वर्गात जेवढी डोकी, तेवढ्याच डोक्यांचे पैसे राज्य सरकार देणार. मूल प्रत्येक तासाला जागेवर पाहिजे! आणि यंदा आमच्या मोठ्या साहेबांनी, डायक्स्ट्रांनी, सांगूनच टाकलं होतं, "आकडा चारशेच्या खाली गेला, तर ओडेटबाईंना ठेवता येणार नाही."

ओडेटबाई! अडखळणाऱ्या पोरांना बोलतं करणारी आमची एकुलती एक बाई!

मी छातीवर हात मारला. "साहेब, पटावर चारशे बारा आहेत ना? चारशे बारा आणून दाखवते! एक जरी कमी झालं तर नाव बदलीन!"

हिशेबाच्या हेंड्रिकाबाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "मार्लीस, आधी मोजणीचे नियम वाच."

नियम कोण वाचतंय! मंगळवारी संध्याकाळी मी सगळ्या घरांना एकदम फोन लावणाऱ्या यंत्रावरून निरोप सोडला, 'उद्या पायजम्यात या! गरम डोनट आणि सफरचंदाचा रस!'

आणि पोरं आली गं! सर्दीवाली आली, प्लास्टरवाली आली, एक तर डायनासोरच्या पायजम्यात शेपटीसकट आली! नऊ वाजता आकडा किती? चारशे अकरा! फक्त तिसरीतली ट्रिक्सी गैरहजर.

"चारशे अकरा भरपूर झाले," हेंड्रिकाबाई म्हणाल्या. "आता गप बस."

मी कुठली गप बसतेय! ट्रिक्सी आजोबांकडे राहते. मी यंत्रावर त्यांचा नंबर घातला, निरोप बोलले, 'तुमचं मूल आज शाळेत पोचलेलं नाही. ताबडतोब संपर्क साधा!' आणि दाबलं बटण.

दहा सेकंद गेले. मग एक फोन वाजला. मग दुसरा. मग सगळेच्या सगळे! लाह्या फुटाव्यात तसे!

डोनटच्या निरोपासाठी मी 'सर्वांना' निवडलं होतं ना? ते तसंच राहिलं होतं!

खिडकीतून बघते तर रस्त्यावर गाड्यांची रांग, मध्ये दोन ट्रॅक्टर! एक आई केस रंगवताना गुंडाळतात ते चांदीचे कागद डोक्यावर तसेच ठेवून, एक बाबा अर्ध्या गालाला फेस लावून! एकजण दातांच्या डॉक्टरकडून तसाच उठून आलेला, गाल बधिर, तो नुसता "माधं पोद कुथंय?" ओरडत होता! पोरं पायजम्यात, पालकही जवळजवळ पायजम्यातच. कोण विद्यार्थी आणि कोण पालक, कळेना!

"अहो, सगळी सुखरूप आहेत! यंत्र चुकलं!" मी ओरडले.

"आमचा जीव चाललाय आणि ही म्हणे यंत्र चुकलं!" चांदीवाली कडाडली. "चल रे, घरी चल!"

आणि लागले की पोरं उचलून न्यायला! आईबापांना कोण अडवणार? हेंड्रिकाबाई दारात उभ्या राहून मोजत होत्या. "चारशे तीन... तीनशे अठ्ठ्याण्णव... तीनशे एक्क्याऐंशी."

तीनशे एक्क्याऐंशी! ओडेटबाईंची नोकरी मी डोनटसकट खाल्ली होती गं!

तेवढ्यात ट्रिक्सीचे आजोबा धापा टाकत आले. सहा फुटी माणूस, लहान मुलासारखा रडत होता. "सकाळी मी स्वतः सोडली तिला! कुठे गेली माझी पोर?"

आणि कोपऱ्यातलं दार उघडलं. ओडेटबाईंचं! पहिल्या तासाला ट्रिक्सी त्यांच्याकडे असते, म्हणून वर्गात तिची गैरहजेरी लागली होती. ते वेळापत्रक कोणी केलं होतं, विचारू नकोस!

ट्रिक्सीने एवढी गर्दी बघितली. एरवी स्वतःचं नाव सांगायला तिला मिनिट लागतं. पण ती मोठ्याने म्हणाली, "काय झालं आजोबा? मी तर इथेच आहे!"

एका दमात! एकदाही न अडखळता!

ओडेटबाईंनी तोंडावर हात ठेवला. मी आजोबांना सांगूनच टाकलं, आज चारशे भरले नाहीत तर याच बाई जाणार! आजोबांनी पोरीला खांद्यावर घेतलं, तसेच बाहेर धावले आणि गाड्यांपुढे आडवे उभे राहिले. "उतरवा पोरं! एकही गाडी हलणार नाही! या बाईंची नोकरी गेली, तर मी बघतो एकेकाला!"

अगं, उतरली! तीसच्या तीस पोरं, शेपटीवालासुद्धा! पालक डोनट खात मागे उभे राहिले, आणि शेवटच्या तासाला आकडा झाला चारशे बारा!

मी हेंड्रिकाबाईंच्या गळ्यातच पडले. त्या शांतपणे म्हणाल्या, "पोरं घरी नेली तरी हरकत नव्हती. दहा दिवसांत येऊन बुडालेले तास वर्गात बसली, तरी मोजणीत धरतात. नियमात आहे."

म्हणजे तो सगळा आटापिटा फुकट!

साहेब म्हणाले, "आता सगळ्या पालकांची माफी माग. त्याच यंत्रावरून."

या वेळी मी दहादा तपासलं! 'सर्वांना' नको रे बाबा, म्हणून सकाळीच काढून टाकलं होतं ते! मनापासून, रडत रडत, दोन मिनिटांची माफी बोलले आणि सोडली.

पाच मिनिटांत ट्रिक्सीच्या आजोबांचा फोन. "पोरी, केलं गं माफ. पण शेजाऱ्यांना काही आलं नाही, सगळ्यांची माफी मला एकट्यालाच का?"

यंत्रावर त्यांचाच नंबर उरला होता गं, बाकीची सगळी घरं अजून माझ्या माफीची वाट बघताहेत! यंत्राला हात लावायची हिंमत नाही, आणि साहेब उद्या विचारणार. तूच सांग रोवेना, माझ्या जागी तू असतीस तर काय केलं असतंस?