शिक्केबहाद्दरांची मूठ सरळ जाहली त्याची हकीकत

वाचणारांनी मांडी ठोकून स्वस्थ बसावे. मोठमोठ्या लढाया लिहिणारे बहुत जाहले. परंतु मूठ कैसी वळावी या एका कामी जो संग्राम जाहला तो कोणी लिहिला नाही, सबब लेखणी आम्ही उचलली. जे ठाऊक ते लिहिले, जे ठाऊक नव्हते ते पदरचे घातले. जिभेला हाड नसते. मुठीस मात्र हाडेच हाडे, म्हणोन जपून लिहितो.

दाखले देणाऱ्या कचेरीत एक वडील कारकून होते. एकतीस वर्षे कागदांवर शिक्के मारिले, आणि एकही वाकडा वा पुसट शिक्का कचेरीबाहेर जाऊ दिला नाही, म्हणोन सारी कचेरी त्यांस शिक्केबहाद्दर म्हणे. त्यांची कन्या बॉक्सिंगमध्ये निपुण. क्लबमालकांनी नवशिक्यांचा वर्ग तिजला एका महिन्याच्या बोलीने बहाल केला आणि फर्मावले की, शागीर्द आठ पाहिजेत, आणि महिनाअखेर आम्ही जातीने परीक्षा घेऊ, आणि एकाचीही मूठ चुकली तर वर्ग दुसऱ्यास देऊ, मनगटे मोडल्याचा बोभाटा आम्हांस नको. कन्येने सात मिळविले. आठवा मिळेना. मग त्रेपन्नाव्या वर्षी तीर्थरूप खासा कुमकेस धावले, आणि कन्येचा जीव भांड्यात पडला. तो तेथे एकच दिवस राहिला.

कारण की पहिल्याच मोहिमेत बहाद्दरांनी हात डोक्यावर उचलिला आणि करंगळीच्या बाजूने ठोसे मारावयाच्या टांगत्या बॅगेवर ऐसा आपटिला की जैसी शिक्का हाणोन मुदत संपलेल्या अर्जाची वाट लावावी. बॅग जागची हलली नाही.

कन्या म्हणाली, “बाबा, हा अर्ज नाही, बॅग आहे. वरून आपटू नका, समोरून मारा.”

मग समोरून मारिले, तो अंगठा मुठीच्या आत कोंडिला. झाकली मूठ सव्वा लाखाची, ऐसा त्यांचा समज असावा. कन्येने अंगठा कैदेतून सोडविला आणि बोटांवर बाहेरून आडवा बसविला. मग अनामिका व करंगळी ही दुबळी शिबंदी आघाडीस गेली, मनगट दुमडले, आणि हात सुजोन भाकरीसारखा जाहला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. घरी कन्येच्या मातोश्रींनी शेक देता देता जे फर्मान काढिले त्यातील निम्मे लिहिण्याजोगे नाही. उरल्याचा मतलब इतकाच की, या वयात नसते उद्योग सांगितले कोणी?

आता पेच ऐसा पडला की, बाबांस काढावे तर सातच उरतात आणि वर्ग मोडतो, आणि ठेवावे तर परीक्षेत वर्ग जातो. कन्येने तरी बाबांचे नाव यादीतून काढिले नाही, हेच बहाद्दरांस अधिक लागले. आपल्यापायी पोरीचे काम जाणार, या विचाराने त्यांस स्वस्थ बसवेना. सूज उतरताच उशीवर मूठ चालविली, कचेरीत टेबलाखाली चालविली, गुण नाही.

एके दिवशी कन्या त्यांस आणावयास कचेरीत गेली. तेव्हां एका दाखल्यावर शिक्का किंचित फिका उठला होता. बहाद्दरांनी कागद उजेडास धरिला, चुकचुकले, आणि दुसरा कोरा घेऊन पहिल्यापासून लिहावयास बसले. कन्या दारातच थबकली. मग आत येऊन तिने एक जुने शाईचे पॅड मागून घेतले.

दुसरे दिवशी बाबांच्या हातास कापडी पट्टी गुंडाळिली, आणि तर्जनी व मधले बोट यांच्या मुळाशी जे दोन उंचवटे, त्यांसच शाई लाविली, आणि बॅगेवर पांढरा कागद बांधिला. हुकूम जाहला की, दोन गोल उठावे, दोन्ही सारखे. हाताची पाठ आणि मनगट एका रेषेत असावे. पहिल्या कागदावर उठला तो नुसता फराटा. बहाद्दरांनी तो पाहिला मात्र, कानापर्यंत लाल जाहले. एकतीस वर्षांत ऐसा शिक्का! त्याउपरि कन्येस काही सांगावे लागले नाही. मनगट कलले तर एक गोल फिका पडे, मूठ फिरली तर दोन्ही फरफटत. तेच चुकचुकत, तेच नवा कागद मागत. ऐसे दोनशेंवर कागद खर्ची पडले.

परीक्षेचे दिवशी सात शागीर्द पार जाहले. मग बहाद्दर मुठीस शाई लावून, बॅगेवर आपला कागद बांधून उभे राहिले, आणि सवय मेली जात नाही, हात वर जाऊ लागला. कन्येने डोळे मिटले. हात मध्येच थांबला, खाली आला, बोटे वळली, अंगठा बाहेर बसला, आणि मूठ समोरून सरळ गेली. बॅग झुलली. मालकांनी चष्मा लावून कागद पाहिला, मनगट चाचपिले आणि वर्ग कन्येस कायम केला. येणेप्रमाणे फत्ते जाहली.

मालक कागद नोटिसांच्या फळ्यावर लावू लागले, तो बहाद्दरांनी हरकत घेतली. उभ्या हयातीत त्यांनी साहेबाच्या सहीवाचून कागद पुढे जाऊ दिला नव्हता. खिशातले पेन काढून कन्येपुढे धरिले आणि म्हणाले,

“मॅडम, आधी सही करा. सहीशिवाय शिक्का चालत नाही.”

कन्येने सही केली आणि खाली हुद्दा लिहिला: प्रशिक्षक. कागद फळ्यावर आहे. दोन्ही गोल स्पष्ट आहेत. सही किंचित भिजली आहे, ती तैसीच ग्राह्य धरावी.