चार पूर्णांक तीन अष्टमांश चषक

क्लेट्टविक या गावाने बेटांचा फुटबॉल चषक आजवर चार पूर्णांक तीन अष्टमांश वेळा जिंकला होता. अंतिम सामना मात्र गावाने एकदाही जिंकलेला नव्हता. या दोन्ही गोष्टी चषक वाटप मंडळाच्या अधिकृत इतिहासात एकाच पानावर छापलेल्या आहेत, आणि यात काही विसंगती आहे असं अख्ख्या फेरो बेटांवर कुणालाही कधी वाटलेलं नाही.

कारण अगदी साधं आहे. देवमाशांचा कळप खाडीत शिरला की सगळा गाव होड्या घेऊन धावतो, आणि मग मामलेदार वही काढून वाटे पाडतो. ज्याला कळप आधी दिसला त्याचा वाटा, ज्याची जमीन खाडीला लागून त्याचा वाटा, जो जो हजर त्याचा त्याचा वाटा. आता पहिल्याच चषकाच्या अंतिम सामन्यात धुकं इतकं दाट उतरलं, की गोल कुणी मारला हे मारणाऱ्यालाही कळलं नाही. दोन्ही गावं हमरीतुमरीवर आली. त्या वेळच्या मामलेदाराला भांडण मिटवायची एकच रीत ठाऊक होती. त्याने वही काढली. धुकं दोन तासांत विरलं, वाटप मात्र राहिलं. त्यासाठी मंडळ झालं, मंडळाला इमारत झाली, इमारतीला शिपाई झाला. स्पर्धा बाद पद्धतीची आहे, फक्त तिच्यात बाद कुणीच होत नाही.

क्लेट्टविकचा गोलरक्षक एयुन बेचाळीस वर्षांचा होता. आठवडाभर तो समुद्रातल्या पिंजऱ्यांत मासे पोसायचा आणि शनिवारी गोलात उभा राहायचा. त्याचा बाप सीमुन सत्त्याऐंशीचा. गाव याआधी एकदाच अंतिम सामन्यापर्यंत पोचलं होतं, तेव्हा गोलात सीमुन होता, आणि शेवटच्या मिनिटाला चेंडू त्याच्या दोन्ही हातांतून निसटला होता. म्हातारा आता खाटेवरून खिडकीपर्यंत आणि खिडकीपासून खाटेपर्यंत, एवढाच फिरायचा. डॉक्टरांनी एयुनला बाजूला घेऊन सांगितलं होतं, उन्हाळा निघेल, पुढचं काही खरं नाही.

"पोरा," सीमुन म्हणायचा, "एकदा तरी तो अख्खा या टेबलावर ठेव. दोन्ही हातांनी धरायचाय मला. अष्टमांशबिष्टमांश नको."

आणि यंदा क्लेट्टविक खरंच जिंकलं! राजधानीच्या संघाविरुद्ध, मेंढ्यासुद्धा आडव्या होतील अशा वाऱ्यात. शाळामास्तर रोग्वीने गोल मारला, आणि शेवटच्या मिनिटाला एयुनने पेनल्टी अडवली, छातीवर, दोन्ही हातांनी घट्ट. चषक त्याच्या हातात आला, त्याने तो डोक्यावर धरला, आणि तेवढ्यात मामलेदार हेराल्वुर यांनी त्याच्या खांद्यावर टिचकी मारली.

"खाली ठेव."

"अहो साहेब, जिंकलो आम्ही!"

"अभिनंदन. मनापासून. खाली ठेव, वाटप व्हायचंय."

वाटप नियमाला धरून झालं. एक अष्टमांश मार्योन आजीला, कारण फेब्रुवारीत दुकानाच्या पायरीवर बसून "यंदा आपली पोरं जिंकणार" असं ती बोलली होती, म्हणजे चषक सर्वप्रथम तिला दिसला. त्याला दोन साक्षीदार होते. एक अष्टमांश मैदानाच्या मालकाला. गवत ज्यांनी चरून बेताचं ठेवलं त्या मेंढ्यांच्या मालकाला वेगळा. मोठा वाटा राजधानीच्या संघाला.

"ते तर हरले!" एयुन म्हणाला.

"ते हरले नसते, तर तुम्ही जिंकला असता का?" हेराल्वुरनी विचारलं.

उरलेला चषक हजर असलेल्यांचा. मैदानात सहाशे माणसं मावतात, मंगळवारपर्यंत मंडळाच्या खिडकीवर दोन हजार तीनशे चार जणांनी हजेरी लावली. त्यातली एक बाई सामन्याच्या वेळी कोपनहेगनला गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी टेबलावर होती. पण तिचं मन मैदानावर होतं, आणि भूल द्यायच्या आधी तिने तसं नर्सला सांगितलं होतं. खेळाडूंची नावं यादीच्या तळाशी आली. ते हजर होते हे खरं, पण ते कामात होते, त्यांचं सामन्याकडे लक्ष नव्हतं, असा मंडळाचा अभिप्राय पडला.

वाटा म्हणजे चषक घरी ठेवायचा वेळ, आणि एयुनच्या घराला चषक तीन मिनिटांसाठी मिळणार होता. मागच्या सामन्यांचे वाटे अजून फिरत होते, म्हणून नंबर आठ वर्षांनी, नोव्हेंबरात.

"साहेब, बाबा तोवर राहतील का हो?"

"ते आमच्या अखत्यारीत येत नाही," हेराल्वुर म्हणाले, आणि त्यांना खरोखरच वाईट वाटलं. माणूस वाईट नव्हता. म्हणून तर त्यांनी नियम एकोणीस काढून दाखवला. एकाच सामन्याचे वाटे लोकांनी सोडले, तर ते एकत्र करून नंबर मोडून एका घराला देता येतात. अर्ज अगदी सोपा. एकच वाक्य, खाली सही. वाक्य असं: 'सदर सामन्याच्या वेळी मी मैदानावर हजर नव्हतो.' हजर माणसाला वाटा सोडताच येत नाही, तो त्याला चिकटतो. सुटका फक्त गैरहजराची.

एयुन दोन आठवडे अर्जांचा गठ्ठा घेऊन बोटीने, बोगद्याने, पायी गावोगाव हिंडला. काय सांगावं लोकांचं प्रेम! घरोघरी कॉफी, वाळवलेल्या मटणाचे काप, वर केक. सीमुनची हकिकत ऐकून माणसं ढसाढसा रडली. सही कुणी केली नाही.

"नव्हते असं लिहून देऊ?" गुडघ्याची बाई तडकली. "खोटं बोलायला लावतोस मला? या वयात?"

"अरे बाळा, मी सोडला असता," मार्योन आजी म्हणाली, "पण मला आधी दिसला ना तो. देवाने दाखवला. देवाला काय तोंड दाखवू?"

राजधानीच्या संघाने ठराव करून सहानुभूती कळवली.

शेवटी सह्या केल्या त्या संघातल्या दहा जणांनी, कपडे बदलायच्या खोलीत, बाकावर अर्ज ठेवून. रोग्वीने पोरांचे पेपर तपासायच्या पेनाने सही ठोकली आणि म्हणाला, "माझा गोल तुझ्या बाबांना. जा घेऊन." अकरावा अर्ज एयुनचा. चोवीस वर्षं तो गोलात उभा राहिला होता. मग त्याने लिहून दिलं, की तो तिथे नव्हता.

अकरा त्रिक तेहेतीस. गुरुवारी दुपारी चषक तेहेतीस मिनिटांसाठी घरी आला, सोबत मंडळाचा कारकून आणि त्याचं घड्याळ. सीमुनने चषक दोन्ही हातांनी धरला, छातीशी लावला, आणि म्हातारा लहान मुलासारखा रडला. एयुनही रडला. कारकूनसुद्धा खिडकीबाहेर बघत बसला.

मग कारकुनाने नियमाप्रमाणे इतिहासाचं सुधारित पान टेबलावर ठेवलं. सीमुनने चष्मा लावून ते वाचलं. 'विजेते: उपस्थित दोन हजार दोनशे त्र्याण्णव नागरिक. गोल करणारा: निरंक. गोलरक्षक: निरंक.'

"गोलात कुणीच नव्हतं?" सीमुनने विचारलं.

"नोंदीप्रमाणे नाही, आजोबा."

"मग ती पेनल्टी कुणी अडवली?"

"ती अडली."

"आपोआप?"

"उपस्थितांच्या उपस्थितीमुळे. तसा शेरा आहे खाली."

म्हाताऱ्याने चषक हलकेच टेबलावर ठेवला. "एयुन," तो म्हणाला, "माझ्या हातातून सुटला, तरी इतिहासात माझं नाव छापलंय रे. तू धरलास, आणि तू नाहीस. कुणासाठी केलंस हे?"

"कॉफी घ्या बाबा," एयुन म्हणाला. "अकरा मिनिटं राहिलीत."

अकरा जण गळाल्यामुळे हजेरीपटावर अकरा जागा रिकाम्या झाल्या, आणि रिकामी जागा मंडळाला खपत नाही. खिडकी शुक्रवारपर्यंत उघडी ठेवली आहे. तुम्ही तर पहिल्या ओळीपासून इथेच आहात. वारा अंगावर घेतला नसेल, चेंडूला हात लावला नसेल, पण पेनल्टी अडली तेव्हा जिंकल्यासारखं वाटलं ना? मग संकोच कसला करता? दोन हजारांतल्या एकानेही केला नाही. बोला, नाव काय लिहू?