सात ध्वज आणि चौदा शिट्ट्या यांची हकीकत

श्रीगणरायाचे पायी मस्तक ठेवून, ढोलांस हळदकुंकू वाहून, आणि ज्यांच्या खांद्यांवर ध्वज उभे राहतात परंतु ज्यांची नावे कोणी पुसत नाही त्यांस आधी नमस्कार करून, लिहिणारा लिहितो ऐसे की, शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, आषाढ शुद्ध तृतीया, ते दिवशी वाद्यराज्याचे धनी श्रीमंत पथकप्रमुख यांनी नदीकाठी पुलाखालील मैदानात दरबार भरविला. राज्य थोर. ढोल एकशेवीस, ताशे चाळीस, आणि सर्वांपुढे ध्वज सात. राज्याचा रिवाज पूर्वापार असा की, नवीन मनुष्य आला म्हणजे त्यास आधी ढोल द्यावा, ढोलावर हात न बसेल तर झांज द्यावी, आणि झांजही हाती न चाले तर हळूच ध्वजाकडे रवाना करावे. दुसरा रिवाज असा की, ज्याने तीन वर्षे ध्वज धरिला त्याचे गळ्यात शिट्टी घालावी, पाठीवर 'प्रशिक्षक' अशी अक्षरे छापलेला काळा टीशर्ट द्यावा, आणि मग त्याने जन्मात पुन्हा काठीस हात लावू नये. ऐसे वर्षानुवर्षे चालत आले आणि त्याचा हिशेब कोणी केला नाही, म्हणोन होता होता ध्वज धरणारे सात उरले आणि शिकविणारे चौदा जाहले. एकेका ध्वजामागे दोन दोन गुरू. इतके शिक्षण कोणत्या राज्यात असेल?

या चौदांचे वरिष्ठ केशरीनाथ गुप्ते, मुख्य शिट्टीनवीस. मनुष्य विद्वान. त्यांचे म्हणणे, ध्वज वर नेताना कोपर कानास लागले पाहिजे. दुसरे गुरू म्हणत, कोपर कमरेशी. तिसरे म्हणत, कोपराचे सोडा, हसतमुख राहा. मग सातही ध्वजकरी शहाणे होऊन, ज्या बाजूने जो गुरू येईल त्या बाजूचे कोपर त्याच्या मतास येईल तैसे ठेवू लागले, आणि सर्व गुरू संतोष पावले. याचे फळ मागील वर्षीच्या विसर्जन मिरवणुकीत दिसोन आले. मुख्य चौकात एक ध्वज वर गेला, तीन आडवे जाहले, दोन जागीच विचार करीत राहिले, आणि सातवा ध्वज मंडपाच्या झालरीत अडकोन झालर खाली आली ती नेमकी श्रीमंतांच्या मस्तकावर. श्रीमंत झालरीतून बाहेर आले, परंतु ती झालर वर्षभर विसरले नाहीत.

म्हणोन या दरबारी ढोलांचे सेनापती सुभानराव यांनी मसलत दिली की, "साहेब, माणसं कशाला? मिरवणुकीच्या गाड्यावर लोखंडी पाइप वेल्डिंग करून घेऊ आणि त्यात झेंडे खोचू. झेंडा हललाच नाही तर चुकेल कसा?" मसलत सर्वांस पसंत पडली. वेल्डर टेप घेऊन आलाच होता, त्याने गाड्याचे माप घेतले. हे पाहून ध्वजकऱ्यांपैकी त्र्यंबकराव शेवडे पुढे येऊन हात जोडून उभे राहिले. त्र्यंबकराव पोस्टातून निवृत्त, वय साठीचे पुढे, तीन वेळा ढोलात गेले आणि ठोका चुकतो म्हणोन तीनही वेळा बाहेर आले. ते बोलले, "साहेब, मला ढोलातून काढलंत, झांजेतून काढलंत, मी काही म्हटलं नाही. आता इथूनही काढलंत तर या पथकात मला चौथी जागा नाही. बायको गेल्यापासून मी संध्याकाळी फक्त इथे येतो." श्रीमंतांचे मन मऊ, त्यांनी हुकूम केला की, या वर्षी एक संधी द्यावी, बाहेरील जाणता शिक्षक नेमावा, आणि मिरवणुकीत मुख्य चौकात सातही ध्वज एका ठोक्यास वर गेले तर ध्वजखाते राहील, नाही तर पाइप. वेल्डराने माप खिशात ठेविले आणि तो वाट पाहू लागला.

मग मुलींच्या शाळेत तीस वर्षे कवायत शिकवून निवृत्त जाहलेल्या शकुंतलाबाई काळोखे यांस पाचारण जाहले. बाई डोईस क्रिकेटची टोपी आणि हाती छत्री घेऊन मैदानात दाखल जाहल्या. केशरीनाथांनी सर्व गुरूंस ओळीत उभे करून ओळख करून दिली, त्यास अर्धा तास लागला. बाईंनी सर्व ऐकोन घेतले आणि पुसिले, "हे सगळे शिकवणारे? मग शिकणारे कुठायत?" झाडाखाली सातजण उभे होते ते दाखविले. बाई म्हणाल्या, "गुप्ते, सोपं आहे. तुमच्यातल्या सात जणांनी काठ्या घ्या. चौदा झेंडे होतील, चौक कसा भरून जाईल." हे ऐकताच चौदांचे तोंडचे पाणी पळाले. केशरीनाथ म्हणाले, "बाई, गैरसमज नको, पण एकदा शिट्टी गळ्यात आल्यावर पुन्हा काठी धरायची म्हणजे लोक काय म्हणतील?" बाकीचे तेरा यांनी माना डोलाविल्या. लिहिणारा यात कोणास दोष देत नाही. काळा टीशर्ट अंगावर चढला म्हणजे मनुष्याची पाठ आपोआप ताठ होते, हे ज्याने घातला तोच जाणे.

बाईंनी वाद केला नाही. त्यांनी सातांचा सराव पाहिला आणि एकाएकी हात वर करून थांबविला. "अहो, कापड कुठंय?" तेव्हां उलगडा करण्यात आला की, ध्वजाचे वस्त्र मानाचे, ते पेटीत असते, मिरवणुकीचे दिवशी पूजा होऊन मगच काठीस चढते, तोवर सराव नुसत्या काठीवर करावयाचा, हा रिवाज थोरांनी घातला. बाई म्हणाल्या, "नुसत्या काठीवर? मग ही कवायत नाही, ही कोळिष्टकं काढणं आहे! कापडात वारा भरतो तेव्हा काठी ओढ घेते, ती ओढ यांनी कधी पाहिलीच नाही. यांचं काय चुकलं?" बाईंनी श्रीमंतांकडे पेटी उघडण्याचा अर्ज केला. श्रीमंतांनी कानांस हात लावून नामंजूर केला. दुसरे दिवशी सकाळी सहा वाजता बाई सात पलंगपोस आणि एक बादली घेऊन आल्या. दोन पलंगपोस स्वतःचे, पाच शेजारणींचे, त्यांपैकी एकावर मोठे मोर होते. ते सर्व भिजवून, न पिळता, काठ्यांस बांधिले आणि म्हणाल्या, "उचला." मग जे जाहले त्याचे वर्णन न करणे बरे. दोघे पलंगपोसात गुंडाळले गेले, त्र्यंबकराव मोरासकट बसले. बाई म्हणाल्या, "शेवडे, छान पडलात. आता उठा. ओली चादर पेलली की कोरडा झेंडा काहीच नाही."

दुसरी गोष्ट बाईंनी केली ती याहून नवलाची. त्यांनी सकाळच्या सरावास शिट्टीची बंदी केली. "शिट्टी ऐकू येईपर्यंत थांबलं की हात उशिरा निघतो, आणि चौदा शिट्ट्यांतली कुठली ऐकायची? पायाच्या अंगठ्यात मोजा. सोळा आकडे. नवव्याला वर, सोळाव्याला खाली आणि पाय आपटायचा." असे नऊ आठवडे चालिले. पाऊस पडला तर बादलीचा खटाटोप वाचला म्हणोन बाई खूश होत. त्र्यंबकराव भाजीच्या रांगेतही अंगठ्याने सोळा मोजू लागले आणि सोळाव्यास पाय आपटताच पुढच्या बाईने मागे वळून रागाने पाहिले असे सांगतात. संध्याकाळी सर्व पथकासमोर चौदा गुरू पूर्ववत शिट्ट्या वाजवीत, आणि सातजण अदबीने ऐकून मनात आपले सोळा मोजीत.

मग भाद्रपद शुद्ध चतुर्दशी उगवली. पूजा जाहली, पेटी उघडली, भगवे रेशमी वस्त्र काठ्यांस चढले. त्र्यंबकरावांनी काठी उचलून पाहिली आणि बाईंकडे पाहून हसले, इतकी हलकी लागली. दुपारी चारच्या सुमारास स्वारी मुख्य चौकात आली. पुढे सात ध्वज, दोहों बाजूंस सात सात शिट्ट्या, मागे ताशे आणि एकशेवीस ढोल, कडेस बाई छत्री टेकून उभ्या, आणि गर्दीत वेल्डरही आला होता. या राज्याचा कायदा असा की, एक लांब शिट्टी वाजली म्हणजे सर्व ढोलताशांनी हात थांबवावे. तो कायदा चौदांसही ठाऊक होता. परंतु ऐन प्रसंगी प्रत्येकास वाटले की ध्वज आपल्याच शिट्टीस उठले पाहिजेत, नाही तर दोन महिने आपण केले काय? म्हणोन एकाने आखूड शिट्टी मारिली, तिच्या शेपटास धरून दुसऱ्याने मारिली, मग तिसऱ्याने, आणि चौदा आखूड शिट्ट्या एकास एक लागोन एक लांब शिट्टी तयार जाहली. पहिली कोणाची, याचा शोध अद्याप लागला नाही, आणि लागू नये अशी लिहिणाराची नम्र विनंती आहे.

ढोल थांबले, ताशे थांबले. एकशेवीस हात वरचे वर राहिले. चौकात अशी शांतता पसरली की श्रीमंतांचा रंग उतरला, केशरीनाथांचे तोंडातून शिट्टी गळाली, आणि वेल्डराने खिशात हात घातला. त्र्यंबकराव सर्वांपुढे होते. ते थांबते तर मागचे सहाही थांबते आणि सर्व आटोपते. परंतु त्यांनी ना मागे पाहिले, ना आम्हां कोणाकडे. त्यांचा अंगठा मोजीत होता. सहा, सात, आठ, आणि नवव्यास सातही ध्वज एकदम वर गेले, वाऱ्याने वस्त्र भरले, काठ्यांनी ओढ घेतली आणि सातही मनगटांनी ती पेलिली. आणि मग चौकात जे ऐकू आले ते राज्य स्थापन जाहल्यापासून कोणी ऐकिले नव्हते, कारण नेहमी ढोल वाजत असतात. कापडाचा आवाज. माणसे मोबाइल खाली करून ऐकू लागली. सोळाव्यास ध्वज खाली आले आणि सात पाय एकदम आपटले. पुन्हा एक, दोन, तीन. तेव्हां सुभानराव, ज्यांनी स्वतः त्र्यंबकरावांस तीन वेळा ढोलातून काढिले होते, ते त्या पायांकडे पाहत राहिले, आणि दुसऱ्या सोळाव्यास त्यांनी कोणाच्या शिट्टीची वाट न पाहता, त्या पायांच्या ठोक्यावर टिपरू मारिले. मागोन एकशेवीस ढोल उठले. ज्याचा ठोका चुकतो म्हणत होतो, त्याच्या ठोक्यावर सगळे राज्य वाजत होते. लिहिणाराचे डोळे भरून आले, ते लपवीत नाही.

श्रीमंतांनी वेल्डरास नारळ देऊन निरोप दिला. बाईंस शाल दिली, ती त्यांनी हातात तोलून पाहिली आणि म्हणाल्या, "ही भिजवून चांगली जड होईल." त्र्यंबकरावांची ध्वज धरण्याची तीन वर्षे पुरी जाहली होती, म्हणोन केशरीनाथांनी शिट्टी आणि काळा टीशर्ट पुढे केला. त्र्यंबकराव म्हणाले, "नको हो. माझं बरं चाललंय."

पुढील रविवारी सकाळी सहा वाजता लिहिणारा मैदानात गेला. बाई काठ्या मोजीत होत्या. म्हटले, "बाई, एखादी काठी मिळेल का?" त्यांनी टोपी वर करून पाहिले. "तुम्ही चौदांतले ना?" म्हटले, "होय." "शिट्टी?" म्हटले, "घरी ठेवली." बाईंनी मोरांचा पलंगपोस लिहिणाराचे अंगावर टाकला. "बादली तिकडे आहे. नीट भिजवा, आणि पिळू नका."

एकंदर मजकूर इतकाच. ध्वज आठ, शिट्ट्या तेरा. उजवा खांदा फार दुखतो, म्हणोन लेखणी येथेच ठेविली असे.