अडीच मिलिमीटर

सोमवारी सकाळी दाढी करता करता दत्तप्रसादराव किंचाळले, "आनंदी, डोळा गेला माझा!"

"मग आरशात बघितलंत कशानं?" बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं.

डाव्या बुबुळाशेजारी, पांढऱ्या भागावर पिवळसर, फुगीर ठिपका होता. दत्तप्रसादरावांनी खडकीच्या कारखान्यात चौतीस वर्षं तपासनीस म्हणून काढलेली. केसाएवढा डाग दिसला की माल परत, हा त्यांचा खाक्या. आता डाग खुद्द त्यांच्याच डोळ्यात, आणि परत पाठवायचा तर कुठे?

खराडीला नोकरी करणाऱ्या मुलाला फोन गेला. "बाबा, प्लीज गूगल करू नका," अभिनव म्हणाला. म्हणजे नक्कीच काहीतरी भयंकर असणार, हे त्यांनी ओळखलं.

हात हलवत डॉक्टरकडे जाणं त्यांच्या शिस्तीत बसेना. त्यांनी कपाटातून बारीक मापं घ्यायचा व्हर्निअर काढला. सकाळ-संध्याकाळ पापणी ओढून आरशासमोर ठिपका मोजायचा आणि वहीत आकडा लिहायचा. सोमवारी दोन मिलिमीटर, बुधवारी सव्वादोन, शुक्रवारी अडीच! डोळा लाल झाला, पाणी वाहू लागलं. धड बसवेना, धड झोपवेना. शेजारचे रंगराव "कावीळ असेल" म्हणून गेले, तेव्हा तर त्यांनी जेवणच सोडलं. आपण आंधळे होणार, याबद्दल आता त्यांना शंका उरली नव्हती.

"अहो, चला आता डॉक्टरकडे. वही भरायची वाट बघताय का?" म्हणत आनंदीबाईंनी त्यांना रिक्षात बसवलं.

डॉक्टर स्पृहांनी यंत्रातून डोळा पाहिला. "पिंग्विक्युला. ऊन-धुळीने येणारा साधा चरबीचा उंचवटा. नजरेला धोका नाही, कापायचीही गरज नाही. थेंब घाला, उन्हात गॉगल लावा."

"पण वाढतोय ना! आकडे बघा."

"ती सूज आहे, काका. डोळा ताणून ताणून तुम्हीच आणलीय. मोजणं बंद."

दत्तप्रसादरावांचा जीव भांड्यात पडला, पण तपासनीस गप्प बसेना. "डाग तो डागच, डॉक्टर. चालवून कसा घ्यायचा?"

"काकूंनी घेतलाय की! त्यांच्या दोन्ही डोळ्यांत आहेत, मला इथूनच दिसतायत. केव्हापासून, काकू?"

"पंधरा वर्षं झाली. दाखवलं होतं तेव्हाच."

"आणि काकांना सांगितलं नाहीत?"

"रोज समोरच बसते," आनंदीबाई शांतपणे म्हणाल्या. "म्हटलं, तपासनीस आहेत, दिसेल कधीतरी."

दत्तप्रसादरावांना फार ओशाळल्यासारखं झालं. खुर्ची ओढून ते बायकोसमोर बसले आणि कित्येक वर्षांनी तिच्या डोळ्यांत नीट पाहू लागले. पाहतच राहिले.

"अहो, पुरे. बाहेर लोक खोळंबलेत," आनंदीबाई म्हणाल्या, पण मान काही त्यांनी वळवली नाही.